दलाली करा, पण रुमाल बाजूला ठेवून

ब्लॉग कसा सुरू करावा यावर मागच्या महिन्यात या सदरात लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच: ब्लॉग झाला सुरू, आता पैशाचं बोला. त्यातही अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. आठ निवडले. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत, कारण गावावरून उत्तर बदलतं.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स पंधरा हजारांना आहे. झोपेतही पैसे येत राहतात म्हणे, आणि कोर्स आणखी तिघांना विकला की आपली फी वसूल. घेऊ का? (अमळनेर)

नका घेऊ. पंधरा हजारांची विद्या मी इथे एका परिच्छेदात देतो.

बाजार समितीत अडत्या काय करतो, ते तुम्ही पाहिलंय. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही, पण घेणारा आणि विकणारा समोरासमोर आणून तो आपली टक्केवारी घेतो. अ‍ॅफिलिएट म्हणजे तेच. दुकान तुम्हाला एक लिंक देतं, तिच्यात तुमची खूण असते, तिला टॅग म्हणतात. वाचकाने त्या लिंकवर बोट ठेवलं की त्याच्या मोबाइलमध्ये एक छोटी नोंद पडते, ती कुकी. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर कमिशन तुमचं. अ‍ॅमेझॉनची मुदत २४ तासांची आहे. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली असेल तर मात्र पुढे ९० दिवसांपर्यंत ती तुमच्या खात्यात धरतात. गिऱ्हाइकाला एक रुपयाही जास्त पडत नाही, कमिशन दुकान आपल्या नफ्यातून देतं. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. आज होस्टिंग, म्हणजे वेबसाइटसाठी इंटरनेटवरची जागा, विकणाऱ्यांपासून पुस्तकं विकणाऱ्यांपर्यंत कितीतरी जण ती वापरतात. झाला कोर्स.

आता त्या ‘तिघांना विका’ कडे या. उद्या नवीन माणूस जोडणं थांबलं, तर त्या कोर्समधून तुम्हाला एक रुपया तरी येईल का? येणार नसेल तर तो धंदा नाही, साखळी आहे. ग्राहक संरक्षणाच्या थेट विक्री नियमांनी डिसेंबर २०२१ पासून असल्या पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे. पण कायदा राहू द्या बाजूला. ज्या तिघांना तुम्ही कोर्स विकणार ते तुमच्याच वर्गातले असतील, आणि पुढची तीस वर्षं लग्नकार्यात तुमच्यासमोर येतील.

राहिले झोपेतले पैसे. अमळनेरच्या पोराला ते मी काय सांगणार? १९४५ साली तुमच्याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली. तिचे शेअर घेऊन पेटीत टाकले आणि विसरून गेले, अशांच्या घरच्या गोष्टी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकल्या असतील. त्यांना झोपेत पैसे मिळाले हे खरं. फक्त झोप चाळीस-पन्नास वर्षांची होती.

पंधरा हजारांतले हजारेक रुपये घाला आणि स्वतःच्या नावाचं एक डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, वर्षभरासाठी घ्या. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर जागा फुकट आहे, डोमेन तिथेच जोडता येतं. वर्डप्रेस हवं असेल तर होस्टिंगचा खर्च वाढतो. तो पहिल्या वर्षी करायलाच हवा असं मला वाटत नाही. उरलेले पैसे आईला परत द्या.

खान्देशी पदार्थांचा ब्लॉग आहे, साठेक पाककृती झाल्या. रोज शे-दीडशे लोक वाचतात. प्रत्येक लेखाखाली मिक्सर, कढई, तवा यांच्या लिंक टाकल्या, पण चार महिन्यांत एकही वस्तू गेली नाही. (भुसावळ)

ताई, तुम्ही पाठवलेला भरिताचा लेख दोनदा वाचला. लेख फक्कड आहे. पांढरट हिरवी लांब वांगी, पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजणं, लाकडी बडगीत ठेचणं, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं जिथल्या तिथे. आणि खाली लिंक कशाची? मिक्सरची. अहो, भरीत आणि मिक्सर! २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण त्याची चटणी करायला निघालो.

चेष्टा सोडा, पण चूक तिथेच आहे. तुमचा वाचक कोण, ते आधी बघा. भुसावळची बाई भरीत कसं करायचं हे इंटरनेटवर कशाला शोधेल? शोधते ती पुण्याला फ्लॅटमध्ये राहणारी तुमची भाची. तिच्याकडे पऱ्हाट्या नाहीत, बडगी नाही, शेत नाही. तिचा प्रश्न असा, की गॅसवर वांगं भाजलं तर बर्नर खराब होतो, मग करायचं काय? तिला भाजायची जाळी हवी. ठेचायला लाकडी खलबत्ता चालेल का, की मोठ्या वाटीने दाबलं तरी भागेल? तिला ते सांगा. आणि वाटीने भागत असेल तर तेही सांगा, तिथे लिंक देऊ नका.

आता हिशेब. आकडे धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण रीत कळेल. समजा भरिताच्या लेखाला महिन्याला ३,००० वाचक आले. शंभरातल्या तिघांनी लिंकवर बोट ठेवलं तर ९० क्लिक होतात. त्यातल्या दोघांनी ४०० रुपयांची जाळी घेतली आणि ५ टक्के कमिशन धरलं, तर तुमचे होतात ४० रुपये. महिन्याचे. चार महिने शून्य आलं त्यात नवल नाही, वाईटही वाटून घेऊ नका. ४०० रुपयांच्या वस्तूवर कोणाचंच पोट भरत नाही.

मग पोट कशाने भरतं? तुमचा कळण्याच्या भाकरीचा लेख काढा. ज्वारी आणि उडीद एकत्र, जरा भरड दळलेलं पीठ लागतं, आणि शहरातला गिरणीवाला ते दळून देत नाही. दिलं तरी आधीच्या गव्हाचं पीठ त्यात येतं. तुमच्या लेखाखालच्या तिन्ही प्रतिक्रिया याच रडगाण्याच्या आहेत! आणि तुम्हीच एका जागी सहज लिहून गेलात, की तुमच्याकडे नऊ वर्षांपासून घरघंटी, म्हणजे घरच्या घरी दळायची गिरणी, आहे. ताई, लेख तो आहे. कळण्याला कोणती जाळी लावायची, पुरणाच्या मांड्यांच्या गव्हाला कोणती, आवाज किती, पीठ किती उडतं, दगड की स्टील, नऊ वर्षांत काय बिघडलं, दुरुस्तीला माणूस मिळाला की वणवण झाली. बारा-चौदा हजारांची वस्तू घेताना माणूस पंधरा दिवस वाचतो, नवऱ्याला वाचायला लावतो, मग घेतो. १४,००० वर ५ टक्के म्हणजे ७०० रुपये. महिन्याला दोन गेल्या तरी भरिताच्या पस्तीस महिन्यांची बरोबरी झाली.

टक्केवारी वस्तूगणिक बदलते, कंपनी ती वर्षातून कधीही बदलते. मोबाइलसारख्या गोष्टींवर ती फार कमी असते, स्वयंपाकघराच्या वस्तूंवर त्यामानाने बरी. लिहिण्याआधी त्या दिवशीचा तक्ता बघायचा.

एक सूचना मांड्यांच्या लेखाबद्दल. मांडे भाजायच्या मातीच्या खापराची लिंक टाकू नका, फुटून येईल आणि शिव्या तुम्हाला बसतील. उलट्या कढईवर मांडे कसे जमवायचे ते लिहा. त्या लेखातून काही मिळणार नाही, पण तो वाचून जो परत येईल तो घरघंटीचा लेखही वाचेल.

केळी आणि कापसावर ब्लॉग लिहितो. फवारणी पंप, स्कर्टिंग बॅगा (केळीच्या घडावर चढवायच्या पिशव्या), ठिबकचं साहित्य, औषधं, या सगळ्यांच्या लिंक टाकाव्यात का? कधी टाकाव्यात? (यावल)

भाऊ, ‘कधी’ हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले. शेतीवर लिहिणाऱ्यांना बाकी काही जमलं नाही तरी कॅलेंडर जमलं पाहिजे. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मृगबाग साधारण माघ-फाल्गुनात निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला लागते, तेव्हा घडावर स्कर्टिंग बॅग हवी असते. तुम्ही तो लेख माघात लिहिलात तर शेतकऱ्याला तो दिसेपर्यंत घड कापून झालेला असेल. नव्या ब्लॉगचा लेख गूगलमध्ये वर यायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. म्हणून बॅगांचा लेख दिवाळीआधी, पिलबागेच्या (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या बागेच्या) व्यवस्थापनाचा त्याच्याही आधी. कापसाच्या फवारणीचा लेख मे महिन्याच्या उन्हात, पंख्याखाली बसून.

आता एकेक वस्तू. ठिबकच्या लिंका टाकण्यात अर्थ नाही. संच अनुदानातून घ्यायचा तर तो नोंदणीकृत कंपनीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो, आणि ग्रोमेट-एंडकॅपसारख्या सुट्या भागांसाठी जळगाव जिल्ह्यात कोण कुरिअरची वाट बघणार? चौकाचौकात दुकान आहे. जे फैजपूर-सावद्याच्या दुकानात मिळत नाही, किंवा मिळालं तरी एकाच कंपनीचं मिळतं, त्यावर लिहा. पर्जन्यमापक, जमिनीतला ओलावा मोजणारं टेन्शियोमीटर, रसाची गोडी बघायचं रिफ्रॅक्टोमीटर. आणि बॅटरी पंप.

औषधांना माझा साफ नकार. नोव्हेंबर २०२२ पासून परवानाधारकांना कीटकनाशकं ऑनलाइन विकता येतात, तेव्हा लिंक मिळेलही. पण पानावर करपा दिसला म्हणून फोटो पाठवणाऱ्याला तुम्ही औषध सुचवणार, आणि त्याच औषधावर तुमचं कमिशन असणार. डॉक्टरने स्वतःच्याच मेडिकलची चिठ्ठी लिहावी तसं हे. शिवाय मात्रा चुकली तर बाग जाते.

बॅटरी पंपाचं मला वेगळं सांगायचंय, कारण त्यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. सात-आठ वर्षं झाली असतील. १६ लिटरचे पाच पंप निवडून मी ‘सर्वोत्तम पाच’ असा लेख लिहिला. पाचही कंपन्यांची माहिती त्यांच्याच पानांवरून उचललेली, एकाही पंपाला मी हात लावलेला नव्हता. लेख चालला, पंप गेले, मी खूश. मग पोळ्याच्या सुमारास पारोळा तालुक्यातून मामाच्या गावच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. “भाऊ, तुन्हा पंप बंद पडना.”

तुन्हा पंप! माझा पंप!

मी गेलो बघायला. चार एकर कपाशी, पातेगळ सुरू झालेली, आणि फवारणी अर्ध्यावर थांबलेली. पंप उघडला तर बॅटरी ठीक होती. दांड्याच्या खटक्यातला वॉशर झिजून गेला होता, औषध गळून मोटारीच्या तारेपर्यंत पोचलं होतं. वॉशर दहा-वीस रुपयांचा, पण त्या मापाचा पारोळ्यात मिळेना, धुळ्यात मिळेना. कंपनीचं सेवा केंद्र दुसऱ्या राज्यात. तो लेख मी त्याच रात्री काढून टाकला. आता पंपावर लिहायचं तर पंप किमान एक हंगाम कुणाच्या तरी पाठीवर राहिलेला असतो, आणि लेखातलं पहिलं वाक्य असतं: याचा वॉशर कुठे मिळतो.

तुमच्याकडे तुमची पाठ आहे, बाग आहे. पंप उघडून आतले फोटो टाका. पट्टा खांद्याला कुठे काचतो ते लिहा. कंपनीच्या पानावर हे कधीच नसतं.

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर मराठीत ब्लॉग लिहावा म्हणतो. मराठीत वाचक आहेत का, की इंग्रजीतच लिहावं? आणि अहिराणीचं काय? (शहादा)

गुरुजी, आधी नोकरीचं. वर्तणूक नियमांप्रमाणे खासगी धंद्याला पूर्वपरवानगी लागते, आणि कमिशन मिळवणं हा धंदाच आहे. बायकोच्या नावावर खातं उघडा असा सल्ला तुम्हाला स्टाफरूममध्ये मिळालाच असेल. लेख तुमचे, फोटो तुमचा आणि खातं वहिनींचं, हे फार दिवस झाकत नाही. रीतसर अर्ज करा किंवा ब्लॉग बिनकमिशनचा ठेवा.

भाषा मराठीच. इंग्रजीत पुस्तक-परीक्षणांची गर्दी आहे, तिथे शहाद्याचा एक ब्लॉग कुठे दिसणार? मराठीत ‘पोलीस भरतीला कोणतं गणिताचं पुस्तक चांगलं’ याचं खरं उत्तर देणारे मोजके आहेत. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये मराठीतून खरेदीची सोय केली ती काही मराठीच्या प्रेमापोटी नाही, गिऱ्हाईक दिसलं म्हणून केली.

मात्र लोक शोधताना पुष्कळदा मराठीच, पण रोमन अक्षरांत टाइप करतात. म्हणून शीर्षक साध्या बोलीत ठेवा, विद्यार्थी वर्गात विचारतो त्या शब्दांत. ‘अंकगणितीय क्षमतावृद्धी’ असं कोणी शोधत नाही.

अहिराणीत लेख शोधून वाचणारे आज फार थोडे, पण ऐकणारे भरपूर. तेव्हा अहिराणी व्हिडिओसाठी ठेवा. पुस्तक हातात धरून, पान उलटत, ‘हाई पुस्तक कसं शे’ म्हणून सांगितलंत तर नंदुरबारपासून चाळीसगावपर्यंत पोरं बघतील.

एका मोठ्या कंपनीचं अ‍ॅफिलिएट खातं होतं. सुरुवातीला विक्री दिसावी म्हणून स्वतःच्या लिंकवरून दोन वस्तू घेतल्या, मेहुण्याला दोन घ्यायला लावल्या, भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज लिंक टाकली. खातं बंद झालं, पैसेही अडकले. दाद कुठे मागू? (धुळे)

दाद मागण्यासारखं फारसं उरलेलं नाही. खातं उघडताना खाली ‘मान्य आहे’ वर टिचकी मारली, त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. अपील करायची सोय असते, एक सरळ पत्र लिहा, चूक कबूल करा, बघा काय होतं.

पुढच्या खेपेसाठी. स्वतःच्या लिंकवरून स्वतःची खरेदी जवळपास कुठेच चालत नाही, आणि घरच्यांना घ्यायला लावलेलीही ओळखू येते, पत्ता तोच असतो ना. अ‍ॅमेझॉनचं सांगायचं तर खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर ते खातं आपोआप बंद करतात. म्हणून ब्लॉगवर वीसेक लेख आणि थोडे वाचक येईपर्यंत अर्जच करू नका. लोक उलटं करतात. खातं आधी, लेख नंतर. आणि मग सहावा महिना लागला की मेहुणा आठवतो.

लिंक फक्त अर्जात नोंदवलेल्या जागीच टाकायची. पीडीएफमध्ये, छापील पत्रकावर ती चालत नाही. भावकीच्या ग्रुपचं नाव त्या अर्जात लिहिता येत नाही, एवढ्यावरून काय ते समजा. वस्तूची किंमत लेखात हाताने टाइप करू नका, संध्याकाळपर्यंत ती बदललेली असते. तिथल्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय किंवा तारे उचलून आपल्या लेखात लावायचे नाहीत. लिंक अशी आखूड करायची नाही, की ती कुठे नेते तेच कळू नये.

लिंकवर मला कमिशन मिळतं हे लेखात लिहायलाच पाहिजे का? लिहिलं तर कोण क्लिक करेल? आणि कर लागतो का? (चाळीसगाव)

गुरांच्या बाजारात गेला असाल तर सौदा पाहिला असेल. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. बैलाच्या बाबतीत ते खपतं. ब्लॉगवर नाही.

भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सोशल मीडियावरच्या शिफारशींसाठी नियम काढले. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची सोपी पुस्तिका. मथितार्थ एवढाच, की शिफारशीमागे पैसा असेल तर तो वाचकाला दिसला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तुमच्या-माझ्यासारख्या ब्लॉगवाल्याच्या दारात उद्याच कोणी येणार नाही, पण म्हणून रुमाल टाकायचा का?

खुलासा लेखाच्या सुरुवातीला टाका, तळाशी बारीक अक्षरात नको. लेख मराठीत असेल तर खुलासाही मराठीत. इंग्रजी वाक्य चिकटवून मोकळं होणारे खूप दिसतात. चाळीसगावच्या आजोबांना त्यातून काय कळणार? मी असं लिहितो: ‘या लेखातल्या लिंकवरून तुम्ही काही घेतलंत तर दुकान मला थोडं कमिशन देतं. तुम्हाला भाव तोच पडतो.’ ज्या कार्यक्रमात त्यांचं ठरावीक वाक्य सक्तीचं आहे तिथे तेही सोबत ठेवावं लागतं. सांगितल्यामुळे माझे क्लिक कमी झालेले मला जाणवले नाहीत. उलट एका वाचकाने लिहिलं, “घ्यायचाच होता मिक्सर, म्हटलं तुमच्या लिंकवरून घेऊ, तुमचं तरी भलं.”

गूगललाही सांगायचं असतं. अशा लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण जोडायची, ती २०१९ पासून आहे. वर्डप्रेसवर लिंक टाकताना किंवा प्लगइनमधून ती देता येते, ब्लॉगरवर एचटीएमएलमध्ये जाऊन दोन शब्द जास्त लिहावे लागतात.

कर लागतोच. कमिशन हे तुमचं उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायचं. वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की कंपनी टीडीएस कापते. ऑक्टोबर २०२४ पासून कमिशनवरचा हा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिला नसेल तर मात्र २० टक्के कापतात, तेव्हा तो पहिल्या दिवशीच भरा. कापलेला कर आयकर विभागाच्या पोर्टलवर दिसतो. एकूण कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण भरलं तरच. जीएसटीच्या नोंदणीची वेळ सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेल्यावर येते. ती आली तर मला पेढे पाठवा आणि सीए गाठा.

एआयकडून महिन्याला दोनशे लेख लिहून घेतले तर? (चोपडा)

तर दोनशे पानं होतील, वाचक होणार नाहीत. गूगलने मार्च २०२४ मध्ये असल्या घाऊक मजकुराला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, स्पॅममध्ये टाकलं. नुसतं दुकानाचं वर्णन उचलून खाली लिंक लावलेली पानंही त्याच खात्यात जातात. शुद्धलेखन तपासायला, शीर्षकं सुचवायला यंत्र वापरा, मीही वापरतो. पण चोपड्याच्या बागेत पट्टा कुठे काचतो हे त्याला माहीत नाही.

तुमची स्वतःची पहिली कमाई किती होती आणि कशावर? खरं सांगा. (पाचोरा)

सांगतो. २७ रुपये. ब्लॉगला सातवा महिना चालू होता, जूनचे दिवस. लिंक होती त्याच बॅटरी पंपाच्या लेखातली. दिवसातून चार वेळा खातं उघडून बघायची सवय लागली होती, आणि एका सकाळी शून्याच्या जागी आकडा. बायकोला हाक मारली, दोघं मोबाइलवर वाकून बघतोय, तर विकला गेलेला पंप नव्हताच. कोणीतरी पंप बघायला लिंकवर गेलं, पंप घेतला नाही, आणि तिथेच पोराच्या दफ्तरावर घालायचं पावसाळी कव्हर घेतलं. २४ तासांत जे काही घेतलं जातं ते आपल्या नावावर पडतं, तो नियम मला त्या दिवशी कळला.

पैसे हातात यायला मात्र पुढची अक्षय्य तृतीया उजाडली. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी बँकेत टाकत नाही, आणि साठली तरी महिना संपल्यावर आणखी दोनेक महिने थांबवते, कारण तोवर वस्तू परत यायची शक्यता असते. घरात आखाजीच्या खापराच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या तेव्हा बँकेचा मेसेज आला. तोवर त्या कव्हरचं काय झालं असेल कुणास ठाऊक. पोरगं पुढच्या वर्गात गेलं असणार.